वाक्यात उपयोग करा

सांगलीला आमच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे आणि तिच्या दारातच एक फळा आहे. तो मी आणला होता सूचनांसाठी. ‘चपला बाहेर काढाव्यात’, ‘फोनवर बोलायचे असल्यास गच्चीत जावे’ असलं मी त्यावर लिहायची आणि स्पर्धा परीक्षेची पोरं ते वाचून न वाचल्यासारखं करायची. तो फळा मायाप्पानं बळकावला. बळकावला हाच शब्द बरोबर आहे, कारण त्यानं मला विचारलंसुद्धा नव्हतं. एका सकाळी वर जाऊन बघते तर माझी चपलांची सूचना पुसलेली, आणि तिथं सुबक अक्षरात लिहिलेलं :

‘शब्द : स्कूल. कूळ : ग्रीक, स्खोले. मूळ अर्थ : सवड, रिकामा वेळ. वाक्यात उपयोग करा.’

“हे कुणाचं काम?” मी आवाज चढवला.

खिडकीजवळच्या खुर्चीतून एक उंच, काटकुळा माणूस उठला. माणूसच, पोरगा म्हणायचं वय त्याचं उलटत आलं होतं. “माझं, मॅडम. चपला तशाबी कोन काढत नव्हतं.”

त्याच्या पायाकडे बघितलं तर तो अनवाणी होता. साऱ्या अभ्यासिकेत चपला बाहेर काढणारा हा एकटाच निघाला, मग याला बोलणार काय, कपाळ? मी गुमान खाली आले. दुपारी पुन्हा वर गेले तेव्हा फलटणच्या एका पोरानं फळ्यावर खाली लिहून ठेवलं होतं, ‘आमच्या वडिलांना वाटतं, आम्ही इथं नुसतं स्कूल करतो.’ सगळी खी खी करत होती आणि मायाप्पा गंभीर चेहऱ्यानं त्या वाक्यापुढे बरोबरची खूण करत होता.

तो जत तालुक्यातला, धनगराचा. घरी मेंढरं. पुण्यात काही वर्षं केंद्राच्या परीक्षेची तयारी करून तो सांगलीला आला होता. तत्त्वज्ञान हा त्याचा वैकल्पिक विषय. त्यात ग्रीक शब्द लागतात म्हणून आमच्या संदर्भ विभागातला, कुणीतरी देणगी दिलेला, पुठ्ठा निखळलेला व्युत्पत्तिकोश त्यानं मागितला आणि तिथंच तो अडकला. परीक्षेला लागतील तेवढेच शब्द बघायचे सोडून हा पान पान वाचत बसायचा. ग्रीक अक्षरंही गिरवून शिकला. मी म्हणायची, “अरे बाबा, हे आयोग विचारणार आहे का?” तर म्हणायचा, “न्हाई विचारणार. पण शब्दाचं घर कुठं हाय ते तरी कळतंय की.”

सकाळी तो एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवायला जायचा, पोटापुरतं. तिथून आला की हात धुवायचा, फळा ओल्या फडक्यानं पुसायचा, वाळेपर्यंत थांबायचा आणि मग शब्द लिहायचा. ओल्या फळ्यावर लिहिलेलं त्याला चालायचं नाही. आणि त्याचा एक हट्ट होता, वाक्य घरचं पाहिजे. पुस्तकातून, फोनमधून उचललेलं वाक्य तो सरळ पुसून टाकायचा. कुंडलची स्नेहल नावाची मुलगी होती, भारी चिकाटीची, फळ्यावरचं सगळं वहीत उतरवून घेणारी. ती एकदा म्हणाली, “सर, अर्थ पाठ आहे की. मग वाक्य कशाला?”

“पाठ हाय गं. पण तुझ्या घरात तो शब्द कुनी वापरला न्हाई तवर तो पावनाच. दारात हुबा ऱ्हातोय. त्याला आत घ्यायचा आसंल तर घरचं वाक्य पाहिजे.”

एरवी तो चांगलं पुस्तकी मराठी बोलायचा. क्लासमध्ये तर फारच शुद्ध. पण रंगात आला, नाहीतर दुखावला, की जतचा होऊन जायचा. त्याच्या बोलण्यावरनं मला त्याची तब्येत कळायची.

‘इडियट’च्या दिवशी तो असाच रंगात होता. फळ्यावर अर्थ लिहिला होता, ‘खाजगी माणूस. जो राज्यकारभारात भाग घेत नाही तो.’ पोरं म्हणाली, सर, चुकलंय. तो म्हणाला, “चुकलं न्हाई. ग्रीक लोकांत जो सरकारच्या कामात नव्हता त्याला हेच म्हनायचे. शिवी नंतर झाली. म्हंजे बघा गड्यांनो, आयोगानं घेतला त्यो अधिकारी आनि ऱ्हायला त्यो इडियट. शास्त्रशुद्ध हाय.” सगळे हसले. मीही हसले. एवढ्या माना खाली घालून बसलेल्या त्या खोलीत हसू तसं महागच होतं.

आता त्याच्या मिरवणुकीचं सांगितलं पाहिजे, कारण त्याच्यावाचून पुढचं काही कळायचं नाही.

तो पुण्यात असताना एकदा मुख्य परीक्षा पास झाला आणि त्याला मुलाखतीसाठी दिल्लीला बोलावणं आलं. जाण्याआधी बिरोबाच्या पाया पडावं म्हणून तो गावी गेला. गावात शिरतो तर फाट्यावर फ्लेक्स. त्याचा फोटो, अंगात कोट. कोट त्यानं जन्मात घातला नव्हता, फ्लेक्सवाल्यानं कॉम्प्युटरवर चढवला होता. खाली मोठ्या अक्षरात ‘अधिकारी झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. फुलं लावलेली उघडी जीप तयार, ढोल तयार, भंडारा तयार. तो सरपंचांना सांगायला लागला की अजून मुलाखत राहिली आहे, यादी नंतर लागते. सरपंच म्हणाले, “आवं, दिल्लीनं बोलावल्यावर काय ऱ्हायलं? दिल्ली काय कुनालाबी बोलावती व्हय?”

आपल्याकडे हे असंच आहे. पोरगं पूर्वपरीक्षा पास झालं तरी चौकात फ्लेक्स लागतो. निकालाची वाट बघण्याइतका दम कुणालाच नाही. ज्या गावाला टँकरच्या पाण्याची वाट बघावी लागते त्याला आणखी किती वाट बघायला सांगायची, हेही खरं.

“मग?” मी विचारलं होतं.

“मग काय. जीपमदी चढलो. आण्णा म्होरं ढोलावर गजी नाचत हुता, मॅडम. माझा बाप गुडघ्यानं अधू. आन् त्यो नाचत हुता, सगळा पिवळा झाला हुता भंडाऱ्यानं. मला त्या जीपमधनं उतराय पायजे हुतं. उतरलो न्हाई.”

मुलाखतीनंतर यादी लागली, त्यात त्याचं नाव नव्हतं. त्यानंतर तो गावी गेला नाही.

लोक काय म्हणतील म्हणून जात नसेल, असं मी कितीतरी दिवस धरून चालले होते. एकदा न राहवून बोलले, “दोन दिवस नावं ठेवतील, मग विसरतील. तुझ्यासारखे शंभर आहेत. जा की घरी.”

तो म्हणाला, “नावं ठेवली असती तर कवाच गेलो असतो. कोन कायबी म्हनत न्हाई. सगळी मला अजून सायबच म्हनत्यात. चेष्टेनं न्हवं, खरंच. आण्णानं यादीचं कुनाला सांगितलंच न्हाई. ट्रेनिंग चाललंय म्हनला, मग बदली झाली म्हनला, लांब हाय म्हनला. मी गेलो तर माझं काय जात न्हाई, मॅडम. आण्णा खोटा पडतोय. तिथं मी अजून जीपमदीच हुबा हाय.”

मी परत आलेली पुस्तकं कपाटात लावत बसले.

बापलेकांची भेट व्हायची ती इकडे, कृष्णाकाठी. दिवाळी झाली की जतकडची मेंढरं चाऱ्यासाठी पश्चिमेकडे खाली उतरतात. ऊस तुटलेल्या, मोकळ्या झालेल्या रानात शेतकरी मेंढरं बसवून घेतात, खत होतं म्हणून. आण्णांचा कळप सांगलीच्या जवळपास आला की मायाप्पाचा चेहरा उजळायचा. म्हणून तर तो पुणे सोडून सांगलीला आला होता. गावाला न जाता बाप भेटावा, एवढ्याचसाठी.

एका वर्षी आण्णांनी मला जेवायला बोलावलं. नदीकाठच्या एका रानात त्यांचं पाल होतं. मी आणि मायाप्पा दुपारी गेलो. आण्णांनी घोंगडं झटकून अंथरलं आणि म्हणाले, “बसा बाई. आमचं मास्तर तुमचं लय नाव काढतंय.” बाप त्याला साहेब म्हणत नव्हता, मास्तर म्हणत होता. माझ्या ते लगेच ध्यानात आलं. जेवताना त्यांनी मला एकच विचारलं, “आवं बाई, पोरगं येळंवर जेवतंय का?”

भाकरी मोडता मोडता माझं लक्ष वर गेलं आणि घास हातातच राहिला. पालाचं छप्पर म्हणजे तोच फ्लेक्स होता. छापील बाजू आत. कोट घातलेला मायाप्पा आमच्या डोक्यावर उलटा, आणि ‘हार्दिक अभिनंदन’ बरोबर चुलीच्या वर, धुरानं काळवंडलेलं. आण्णांनी माझी नजर पकडली. “वरच्या अंगाला तोंड केलं तर उन्हानं रंग जातुय,” ते म्हणाले. “म्हनून आत केलंय.”

मायाप्पानं मान वर केली नाही. छपराकडे न बघता त्या पालात जेवायची त्याला सवय असणार.

जेवणं झाल्यावर मेंढरं पलीकडे न्यायची होती. नदीला पाणी कमी होतं. आण्णा काठानं थोडं खाली गेले, पाण्याकडे बघत उभे राहिले, मग एका जागी काठी टेकवून म्हणाले, “उतार हाय हितं.” म्होरक्या मेंढ्याला त्यांनी कान धरून पाण्यात घेतलं, तसा मागनं सगळा कळप उतरला. मायाप्पा माझ्याशेजारी उभा राहून बघत होता. एकदम म्हणाला, “मॅडम, पोरॉस म्हंजे हेच.”

“कोण पोरॉस?”

“शब्द. ग्रीक. कोशात ‘पॅसेज’ लिवलंय, मी वाट म्हनून पाठ केलं. पर मूळ अर्थ नदीचा उतार. जिथनं पायी पार होता येतंय ती जागा. बॉस्फरस ऐकलंय न्हवं? त्याचा अर्थ बैलांचा उतार. आन् ‘अ’ लावला की अपोरिया. उतार न्हाई. पानी म्होरं, म्होरक्या हुबा, मागं सगळा कळप आलाय, आन् उतार न्हाई.”

मी त्याला इतका आनंदलेला त्यापूर्वी पाहिला नव्हता. नंतरही नाही. बापाच्या तोंडचा शब्द त्याला त्या जाड कोशाच्या तळाशी सापडला होता. आण्णा गुडघाभर पाण्यात उभे होते आणि पलीकडे गेलेल्या मेंढरांना हाळी देत होते.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर शब्द आला, ‘अपोरिया. कूळ : ग्रीक. अ म्हणजे नाही, पोरॉस म्हणजे उतार. अर्थ : पुढे जायला वाट नसणे, विचार करता करता माणूस जिथे अडकतो ती जागा.’ वापर समजावून सांगताना म्हणाला की जुने ग्रीक तत्त्वज्ञ प्रश्न विचारून विचारून समोरच्याला मुद्दाम या जागी आणून सोडायचे, कारण अडकल्याशिवाय माणूस खरा विचार करत नाही. फलटणचा पोरगा लगेच म्हणाला, “सर, लग्नाच्या बाबतीत आमचा अपोरिया झालाय.” हशा झाला. स्नेहलनं लिहिलं, ‘गणित सोडवताना मला अपोरिया येतो.’ मायाप्पानं दोन्ही पुसली. पोरांनी आणखी पुष्कळ दिली, त्यानं एकही ठेवलं नाही. “ह्याचं वाक्य मी देतो,” म्हणाला. “सापडलं की लिहितो.”

पुढे रोज नवे शब्द आले आणि गेले. पण फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘अपोरिया : वाक्य बाकी’ एवढं राहिलं. ओलं फडकं तो त्याच्या कडेकडेनं फिरवायचा.

मग वय संपलं. परीक्षेची पोरं असंच म्हणतात, वय संपलं, जणू माणूसच संपला. शेवटच्या खेपेला तर तो पूर्वपरीक्षेतच राहिला. निकालाच्या दिवशी माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला आणि शुद्ध मराठीत म्हणाला, “मॅडम, मी आता अधिकृतपणे इडियट झालो. ग्रीक अर्थानं.” मी हसले नाही. तोही हसला नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला तो खुर्चीत येऊन बसला. कशासाठी, हे मी विचारलं नाही. त्याला उत्तर ठाऊक असतं तर तो आलाच नसता.

आणि त्याच सुमाराला आण्णांचं खाली येणं थांबलं. गुडघे पार गेले. कळप मायाप्पाच्या चुलतभावानं घेतला. आता बाप गावात आणि लेक सांगलीत, आणि मधे ती जीप. मायाप्पा दर सणाला जायला निघायचा. पिशवी भरायचा, स्टँडवर जायचा, जतच्या गाडीत बसायचा आणि मिरजेला उतरून परत यायचा. पहिल्यांदा म्हणाला गाडीत गर्दी होती. पुढच्या वेळेला पोटात दुखत होतं. नंतर नंतर कारणं द्यायचा थांबला. मिरज म्हणजे इथून हाकेच्या अंतरावर. त्याच्या पुढं त्याचा पाय पडत नव्हता. मी रागवायची. “अरे, बाप म्हातारा झालाय तुझा. खोटा पडला तर पडू दे. त्याला काय तू साहेब म्हणून हवायस का?” तर खाली बघून म्हणायचा, “त्याला न्हाई. पर त्यानं गावाला दिलाय न्हवं मला.”

तो आता सांगलीत नाही. पुण्यात कुठल्याशा क्लासमध्ये शिकवतो असं पोरं सांगतात. कोश मी त्याला देऊन टाकणार होते, तो त्यानं नेला नाही. मला तो शेवटचा नीट दिसला तो त्या दिवशी.

सकाळी तो क्लासवरनं आला, हात धुतले, फळा पुसला, आणि फळा वाळायची वाट बघत उभा असताना फोन वाजला. चुलतभावाचा होता. आवाज मोठा, मला जिन्यात ऐकू आलं. “सायब, आण्णा गेलं. पहाटं. तुमी निगा. तुमी येस्तवर माती करत न्हाई. सगळं गाव थांबलंय.”

मायाप्पा म्हणाला, “व्हय. निघालो.” आणि तिथंच उभा राहिला.

त्याची पिशवी मी भरली. मी सोबत येते म्हटलं, तर म्हणाला, “नको, मॅडम. सायब सांगलीची बाई घेऊन आलं म्हनतील.” तेवढ्यातही त्याला चेष्टा सुचली, का ती चेष्टा नव्हतीच, मला सांगता येणार नाही. स्टँडवर नेऊन त्याला जतच्या गाडीत खिडकीशी बसवला. कंडक्टरला बजावलं, “ह्यांचे वडील गेलेत. ह्यांना जतलाच उतरवा.” कंडक्टर भला माणूस, त्यानं मान हलवली. गाडी हलेपर्यंत मी फलाटावर उभी होते. खिडकीतून त्यानं मला हात जोडले. बापाच्या मातीला तरी हा माणूस पोचेल, असं मला वाटलं. अगदी मनापासून वाटलं.

दुपार कलली तेव्हा कुलूपबंद कपाटाची किल्ली आणायला मी वर गेले. जिन्याच्या तोंडाशी त्याच्या चपला होत्या, रोजच्यासारख्या भिंतीला लावून ठेवलेल्या. तो फळ्यासमोर पाठमोरा उभा होता. पिशवी खांद्यालाच होती. खिशात फोन वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. तो घेत नव्हता. तिकडं जतच्या त्या माळावर बाप अंगणात ठेवलेला, सगळं गाव उन्हात रस्त्याकडे डोळे लावून बसलेलं, आणि हा इथं, हातात खडू. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि त्याला पोटाशी धरावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. करून उपयोग नव्हता.

त्यानं उजव्या कोपऱ्यातलं ‘वाक्य बाकी’ बोटानं पुसलं आणि तिथं मावेल एवढ्या लहान अक्षरात लिहिलं :

‘गावाने माती माझ्यासाठी थांबवली होती. मी मिरजेला उतरलो.’

नेहमीप्रमाणे त्यानं वाक्यापुढे बरोबरची खूण केली. खडू खाचेत ठेवला.

मागच्या बाकावर स्नेहल होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं वही काढली, ‘अपोरिया’चं जुनं पान शोधलं आणि रिकाम्या ठेवलेल्या ओळीत ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. मग मान वर करून विचारलं, “सर, हा परीक्षेला येईल?”

खिशातला फोन तेवढ्यात वाजायचा थांबला. या वेळी तो पुन्हा वाजला नाही. मायाप्पानं थोडा वेळ वाट बघितली.

“न्हाई गं,” तो म्हणाला. “हे विचारत न्हाईत.”